बदलीवर माणूस आल्याशिवाय

'एक्सचेंज' हा शब्द भिंगरीने भाऊसाहेबांसमोर उच्चारायलाच नको होता. 'एका सत्रापुरती परदेशी शिकायला जातेय' एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. पण पोरगी सरळमार्गी. निवड झाल्याचं पत्र आलं तसं तिने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि भाऊसाहेबांचा घास तोंडाशी गेलेला तिथेच थांबला.

"एक्सचेंज म्हणजे अदलाबदल ना गं?"

"हो बाबा."

"म्हणजे तू तिकडे."

"हो."

"आणि तुझ्या जागी इकडे कोण?"

भिंगरी खो खो हसली. तिला वाटलं बाबा गंमत करताहेत. जन्मापासून ज्या माणसाला आपण बघतोय तो गंमत करत नाही, हे खरं तर तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण आनंदात माणसाचं भान सुटतं, त्याला ती तरी काय करणार! तिच्या आईच्या मात्र लक्षात आलं. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि "झालं! आता हे फाईल उघडणार," असं भिंतीला सांगितलं.

आता हे भाऊसाहेब कोण, ते सांगायला हवं. भाऊसाहेब एका मोठ्या कचेरीत आस्थापना शाखेत. ज्यांना कचेरीची पायरी चढावी लागलेली नाही अशा पुण्यवंतांसाठी खुलासा : कोण कुठे बदलून जाणार, कुणाला रजा मिळणार, कुणाला नाही, हे जिथून ठरतं ती आस्थापना शाखा. म्हणजे ठरवणारे साहेब वरच्या मजल्यावर. पण कागद भाऊसाहेबांच्या टेबलावरून जातो, आणि त्यांनी जाऊ दिला तरच जातो. त्या टेबलावर त्यांनी केस पांढरे केले होते, आणि टेबलाचा पहिला नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता : बदलीवर माणूस हजर झाल्याशिवाय जुन्या माणसाला कार्यमुक्त करायचं नाही.

"एक दिवस जागा रिकामी राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?" असं कुणी विचारलं की भाऊसाहेब चष्मा काढून सांगत, "आभाळ नाही कोसळत. तेच तर वाईट आहे. जागा रिकामी राहिली की लोकांना सवय होते. वरच्यांना वाटतं, अरे, हिच्यावाचून चालतंय की! आणि मग एके दिवशी जागाच रद्द होते."

तर परदेशी जायला पालकाचं संमतिपत्र लागत होतं. भिंगरीने ते पुढे ठेवलं. भाऊसाहेबांनी ते वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची चूक पेन्सिलीने दुरुस्त केली, आणि घडी घालून लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवून दिलं. हे कपाट भिंगरीच्या खोलीत असे, किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात.

"बाबा, सही?"

"माझा विरोध आहे का? अजिबात नाही. मला अभिमान आहे तुझा. बदलीवरची मुलगी हजर होऊ दे, लगेच सही."

"अहो, ती काय तुमच्या कचेरीत नोकरीला आहे?" आई म्हणाली.

"नियम हा नियम असतो."

"मग मला माहेराहून आणताना माझ्या बदल्यात तिकडे कुणाला पाठवलं होतंत?"

भाऊसाहेबांनी किल्ली खिशात टाकली. लग्नाच्या वेळी ते आस्थापनेत नव्हते, आवक-जावकला होते.

आता खरं काय ते सांगतो. रोज संध्याकाळी भाऊसाहेब घरी येत, दारात बूट काढत, आणि बुटाचा आवाज झाला की आतल्या खोलीतून हाक येई, "आलात?" बस, एवढंच. भिंगरी बाहेर यायची नाही, पुस्तकातून मान वर काढायची नाही. "आलात?" आणि भाऊसाहेब म्हणायचे, "हूं." सबंध दिवसात बापलेकीत कित्येकदा एवढंच बोलणं व्हायचं. पण ते "आलात?" कानावर पडेपर्यंत भाऊसाहेब घरी पोचलेले नसत, नुसते दारात उभे असत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार? आणि कुठल्या नियमाखाली?

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून ते विद्यापीठाच्या एक्सचेंज विभागात गेले. खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. भाऊसाहेबांनी जागा, टेबल, शिक्के, सगळ्यावर एक जाणकार नजर फिरवली आणि विचारलं, "आमच्या मुलीच्या बदल्यात येणाऱ्या विद्यार्थिनीचा आदेश निघाला का?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मागे रांग लांबली होती.

"येणाऱ्यांची यादी अजून आलेली नाही. आली की कळवू."

"बरं, बरं. खोली आम्ही तयार ठेवतो. आणि एक. त्या मुलीला थोडंफार मराठी येत असेल का हो? फार नको. एक शब्द आला तरी चालेल."

"कळवू," बाई म्हणाल्या.

इथे कपाळावर हात मारावासा वाटतो. ज्या गृहस्थाने उभं आयुष्य लोकांना "कळवू" सांगून परत पाठवलं, तोच गृहस्थ "कळवू" ऐकून आनंदाने घरी आला! हलवायाने स्वतःच्या मिठाईला भुलावं, तसलाच प्रकार. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "कळवताहेत. आपण खोली तयार ठेवायला हवी."

भिंगरीने समजावून बघितलं. "बाबा, करार दोन विद्यापीठांतला असतो. आपल्याकडे कुणी येईलच असं नाही, आणि आलं तरी वसतिगृहात राहील." पण भाऊसाहेबांच्या डोक्यात एकदा फाईल उघडली की ती बंद करायला सचिव यावा लागतो. आणि पेटलेल्यात तेल ओतायला शेजार असतोच.

शेजारच्या काकूंचा भाचा परदेशात. हा भाचा आजवर कुणी पाहिलेला नाही, पण त्याच्या अनुभवावर सगळी इमारत चालते. पाण्याची टाकी कधी धुवावी, गुडघे दुखले तर काय लावावं, सगळं भाचा सांगतो.

"भाऊसाहेब, खोली ठीक आहे हो, पण पलंग?" काकू दारातूनच म्हणाल्या. "तिकडची माणसं केवढी उंच! आमच्या भाच्याची घरमालकीण दारातून वाकून आत येते. तुमच्या पलंगावर त्या मुलीचे पाय घोट्यापासून बाहेर लोंबतील. आपली काय इज्जत राहील?"

इज्जतीचा प्रश्न निघाला म्हणजे विषयच संपला. सुतार आला. त्याने पलंगाकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"पलंग वाढवायचा?"

"हो. फूटभर."

"साहेब, माझ्या उमेदीत मी टेबलं कापली, दारं तासली. पण वाढवायला पलंग म्हणजे काय पोर आहे का?"

तरी त्याने वाढवला. पायाकडे एक फळी जोडली, खाली दोन पाय ठोकले. जुन्याला पॉलिश जुनं, नव्याला नवं, तेव्हा सगळ्यालाच पॉलिश करणं आलं. पॉलिश झाल्यावर भिंती कळकट दिसायला लागल्या, तेव्हा रंगारी आला. रंगाचा वास सुटला म्हणून भिंगरीची रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर झाली. परदेशी जायच्या आधीच पोरगी स्वतःच्या घरात पाहुणी झाली. तिची पुस्तकं स्वयंपाकघरात, कपडे बाल्कनीत, आणि परदेशी नेण्याची बॅग संडासाच्या दारासमोर. रोज सकाळी सगळं घर त्या बॅगेला ठेचकाळून उठायचं.

त्यातच व्हिसाचा फोटो काढायचं निघालं. फोटोत हसायचं नाही, असा नियम. भिंगरीला तेवढंच जमेना. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा दुःखी व्हा." ती झाली नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या भाऊसाहेबांचा चेहरा बघून फोटोवाला म्हणाला, "हां, असं! काकांसारखं!" भाऊसाहेबांना ते फार लागलं. आपण आनंदी दिसत आहोत असा त्यांचा समज होता.

आणि लॉकरमधला कागद लॉकरमध्येच. भिंगरी रोज आठवण करायची. आधी हसून, मग रागावून, मग नुसतीच दारात उभी राहून. "बाबा, शेवटची तारीख जवळ आली." "त्यांच्याकडून कळू दे." शेवटी शेवटी तर ती संध्याकाळी "आलात?" म्हणायचीसुद्धा बंद झाली. भाऊसाहेब दारात बूट काढून जरा जास्त वेळ उभे राहायचे, एक बूट मुद्दाम आपटून बघायचे, आणि मग आत यायचे.

शेवटची तारीख उजाडली. त्या दिवशी रंग वाळला आणि वाढवलेला पलंग भिंतीशी सरकवायचं ठरलं. सरकवला, तर तो कपाटाला जाऊन अडला. फूटभर लाकूड कुठूनतरी फूटभर जागा मागणारच, हे गणित कुणी केलंच नव्हतं.

"कपाट हॉलमध्ये काढू," भाऊसाहेब म्हणाले.

"अहो, आधी त्यातला कागद काढा!" आई ओरडली.

"कागद कुठे पळून जातोय? कपाट बाहेर आलं की काढतो."

आतून भिंगरी ढकलतेय, बाहेरून सुतार ओढतोय, भाऊसाहेब "हां, अजून, अजून" असं मार्गदर्शन करताहेत. कपाट दारात आलं. अर्धं बाहेर, अर्धं आत. आणि करकचून अडकलं. पुढे सरकेना, मागे सरकेना. हे कपाट घरात आलं तेव्हा त्या दाराला चौकट बसायची होती, हे सुताराने चौकटीवर बोटं वाजवून सांगितलं तेव्हा सगळ्यांना आठवलं.

भिंगरी आत कोंडली गेली. कपाटाची दारं तिच्या बाजूला, किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात. विद्यापीठाची खिडकी दुपारी बंद होणार.

बघता बघता दारात गर्दी जमली. काकू म्हणाल्या, "साबण लावा, सरकेल." रंगारी म्हणाला, "तेल लावा." सुतार म्हणाला, "चौकट फोडायला लागेल, पण त्याला संध्याकाळ होईल." एक आजोबा, ज्यांना कुणी ओळखत नव्हतं, ते म्हणाले, "मुलगी आत आहे ना? मग काळजी नाही, कपाट चोरीला जाणार नाही."  आईने नुसतं भाऊसाहेबांकडे पाहिलं. तशा नजरेपेक्षा मेमो परवडतो.

"बाबा," आतून आवाज आला. "कपाटाखालून किल्ली सरकवा."

कपाटाला पाय होते, त्यामुळे खाली जेमतेम हात जाईल एवढी फट होती. किल्ली सरकवायची म्हणजे जमिनीवर पालथं पडणं आलं. आस्थापना शाखेचा माणूस, अंगात पॉलिशचे डाग पडलेला बनियन, आणि समोर सगळी इमारत. भाऊसाहेब पालथे पडले. किल्ली आत गेली. लॉकर उघडल्याचा आवाज आला. मग फटीतून कागद बाहेर आला, आणि मागोमाग पेन.

भाऊसाहेबांनी गाल फरशीला टेकवून आत पाहिलं. आधी भिंगरीचे नुसते पाय दिसले. डाव्या घोट्यावरचा व्रण दिसला. सायकल शिकताना पडली होती. भाऊसाहेब मागून धरून पळत होते आणि त्यांनी हात सोडला होता. मग पाय गुडघ्यात वाकले, आणि पलीकडे तिचाही गाल फरशीला टेकला. पोरीचे डोळे सुजले होते.

"करा ना सही, बाबा."

"त्या बाई कळवू म्हणाल्यात गं."

"बाबा, तुम्ही आयुष्यात किती जणांना 'कळवू' म्हणालात?"

भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"आणि किती जणांना कळवलंत?"

टोपण पुन्हा निघालं, पुन्हा लागलं. मागे सुतार खाकरला. त्याचा बहुधा एखादा अर्ज कुठेतरी पडून होता.

"अगं," भाऊसाहेब अगदी हळू म्हणाले, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून, "जागा एकदा रिकामी राहिली ना, की..."

"रद्द होते. माहितीय. लहानपणापासून ऐकतेय." भिंगरीने नाक ओढलं. "पण बाबा, तुम्ही माझी केस चुकीच्या फाईलला लावलीय."

हे वाक्य भाऊसाहेबांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ते ताडकन उठायला गेले आणि डोकं कपाटावर आपटलं. "मी? चुकीच्या फाईलला?"

"ही बदली नाहीच मुळी. ही रजा आहे. अध्ययन रजा."

 डोकं चोळणारा हात डोक्यावरच राहिला.

"रजेवर गेलेल्या माणसाची जागा रिकामी धरतात का, बाबा?"

"नाही."

"त्या जागी दुसरा कायमचा माणूस भरतात?"

"छे! कसा भरतील?"

"ती जागा रद्द करता येते?"

"कुणाची हिंमत आहे!" भाऊसाहेब फरशीवरूनच गरजले.

"आणि रजा संपली की माणूस कुठे रुजू होतो?"

याचं उत्तर भाऊसाहेबांना झोपेतही आलं असतं. हजारो कागदांवर त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण आत्ता ते तोंडातून निघेना. 

"मूळ जागी," ते म्हणाले.

"मग?"

मग भाऊसाहेबांनी पालथं पडूनच सही केली. तेवढ्यावर थांबते तर ते भाऊसाहेब कसले! सहीवर त्यांनी शेरा मारला : 'रजा मंजूर. रजा संपताच मूळ जागी रुजू व्हावे.'

"बाबा, तिथे काही लिहायचं नसतं!" आतून किंचाळी आली. पण भाऊसाहेब उठून धावत सुटले होते.

बनियनवर शर्ट चढवायचं भान होतं, बटणं लावायचं नव्हतं. पायांत एक त्यांची चप्पल, एक रंगाऱ्याची. विद्यापीठात पोचले तेव्हा बाई खिडकी खाली ओढत होत्या.

"वेळ संपली."

हे दोन शब्द स्वतः भाऊसाहेबांनी किती तोंडांवर मारले असतील! खिडकीच्या या बाजूने ते कसे ऐकू येतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. "बाई," ते धापा टाकत म्हणाले, "मी सही अडवून धरली होती. पोरीची काही चूक नाही. तिला जायचंय हो."

बाईंनी कागद घेतला. शेरा वाचला. उघडी बटणं पाहिली, दोन रंगांच्या चपला पाहिल्या. "तुम्ही आस्थापनेत का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमचे हेही," बाई म्हणाल्या, आणि सुस्कारा सोडून त्यांनी शिक्का मारला.

घरी येईपर्यंत सुताराने चौकट फोडली होती. कपाट हॉलमध्ये आलं आणि पोरगी खोलीबाहेर.

निघायच्या दिवशी बॅगेचं वजन काकूंच्या भाच्याने सांगितल्यापेक्षा जास्त भरलं, म्हणून टॅक्सीच्या दारातच बॅग उघडून भिंगरीने आईने भरलेलं निम्मं बाहेर काढलं, आणि आईने त्यातलं निम्मं गुपचूप परत आत घातलं. भिंगरी आईच्या गळ्यात पडून रडली. भाऊसाहेबांच्या समोर आली तेव्हा दोघांनाही काय करावं सुचेना. "येते, बाबा," ती म्हणाली. "हूं," भाऊसाहेब म्हणाले. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते उभे होते. काकू म्हणाल्या, "भाचा म्हणतो, दिवस कसे भुर्रकन जातात." भाचा खोटारडा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब कचेरीतून आले. दारात बसून बूट काढले. एक काढला, दुसरा काढला. आतल्या खोलीला आता दारच नव्हतं. चौकट पुन्हा बसवायला सुताराला त्यांनी बोलावलंच नव्हतं. उघड्या भोकातून तो लांबलचक पलंग दिसत होता. कुणी काही विचारलं नाही. भाऊसाहेब जरा थांबले आणि म्हणाले, "हूं."

स्वयंपाकघरात आईने नळ मोठा सोडला. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

असे काही आठवडे गेले आणि एके संध्याकाळी फोन वाजला. विद्यापीठातल्या बाई होत्या. त्यांनी कळवलं! भाऊसाहेबांना क्षणभर विश्वासच बसेना. आस्थापनेच्या इतिहासात 'कळवू' म्हटल्यावर कळवल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. तिकडून एक मुलगी आली होती, वसतिगृह भरलं होतं, तिची थोड्या दिवसांची सोय हवी होती. खोली तयार आहे म्हणाला होतात ना?

"पाठवा की," भाऊसाहेब म्हणाले. "आपल्या पोरीसारखी राहील. हॉलमध्ये सोफा आहे, ऐसपैस आहे. पाय थोडे बाहेर येतील, पण स्टूल लावू." आणि फोन ठेवला.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, हॉलमध्ये का? एवढा पलंग वाढवलात, भिंती रंगवल्यात, दार फोडलंत. आतली खोली रिकामी आहे ना चांगली!"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. इतकी वर्षं आस्थापनेच्या माणसाबरोबर संसार करून बायकोला एवढंही कळू नये, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं.

"रिकामी कुठे आहे?" ते म्हणाले. "माणूस रजेवर आहे."